थोरल्याचा मॅनिफोल्ड

ट्रॅक्टर ताईपेक्षा चार वर्षांनी मोठा, म्हणून घरात त्याला थोरला म्हणत. ताई मधली आणि तिचा भाऊ धाकटा. थोरला सुरू झाला की तीन शेतांपलीकडच्या कोंबड्या दचकून वेळेआधीच अंडी घालत. यात खोटं असलंच तर अंड्यांपुरतं. पंचेचाळीस वर्षं त्याच्यावर बसून ताईचे दोन्ही कान कामातून गेले, पण तिने तक्रार केली नाही. भावंडांत एवढं चालायचंच.

त्या आठवड्यात थोरल्याचा मॅनिफोल्ड फुटला. इंजिनाच्या बरगडीला बसणारा हा बिडाचा जोडनळा. एका अंगाने इंधन आत नेतो, दुसऱ्या अंगाने धूर बाहेर काढतो. धाकट्याला निमित्तच हवं होतं. जिला इंजिन ऐकू येत नाही तिने ट्रॅक्टर चालवू नये, असं तो वर्षभर तिच्या पाठीमागे म्हणत होता. आता कागदावर लिहून तिच्या नाकासमोर धरलं. शनिवारी बाराला भंगारवाला येणार. त्याआधी थोरला आपल्या पायांनी फाटकाबाहेर पडला तर राहिला, नाहीतर गेला.

ताईने त्या कागदाला हात पुसले आणि शुक्रवारी धाकट्यालाच गाडी काढायला लावून जुन्या सुट्या भागांचं दुकान गाठलं. ती तोंडावर आपटताना बघायला मिळेल म्हणून तोही हौसेने आला. तिच्या पिशवीत एक पुठ्ठा होता. इंजिनाच्या तोंडाला दाबून तिने काजळीने भोकांचा ठसा त्यावर उमटवून घेतला होता. शिवाय रॉकेलची बाटली, खडू आणि स्क्रूड्रायव्हर.

दुकानदाराने पहिला मॅनिफोल्ड काढला तो आरशासारखा. भोकं पुठ्ठ्याशी जुळली. धाकटा म्हणाला, घेऊन टाक. ताईने तो उलटा करून पाहिला आणि परत सरकवला. दोन्ही नळ्या, अबोला धरलेल्या जावांसारख्या, एकमेकींपासून लांब लांब. हा पेट्रोलच्या इंजिनाचा. थोरला रॉकेल पिणारा, त्याला ते गरम करून लागतं. धुराची नळी इंधनाच्या नळीला बिलगलेली हवी.

दुसऱ्यात नळ्या बिलगलेल्या होत्या, भोकं जुळत होती, वर चंदेरी रंग. दुकानदाराने तो तारेला टांगून हातोडी मारली, आवाज भद्द आला, तरी तो धाकट्याला म्हणाला, घंटा आहे घंटा. दोघांनी एकमेकांकडे बघून डोळे मिचकावले.

ताईच्या तोंडात स्वतःचे दोनच दात उरले होते, पण समोरासमोर, आणि कान गेल्यापासून तिचं ऐकणं त्यांच्यातूनच चालायचं. त्यांत तिने स्क्रूड्रायव्हरची मूठ धरली, टोक बिडाला टेकवलं आणि दुकानदाराला चार बोटं खाली मारायची खूण केली. त्याने मारलं. शिळी भाकरी चावल्यासारखं तिचं तोंड झालं.

"फुटका आहे," ती म्हणाली.

"मावशींचा दातच हलत असेल," दुकानदार धाकट्याला म्हणाला.

ताईने त्याच्या ओठांकडे नीट पाहिलं होतं. तिने रंग खरवडला, वरून खडू घासला, आतून रॉकेल ओतलं. घटकाभरात पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उतरली. दुकानदाराला एकाएकी मागच्या खोलीत काहीतरी काम आठवलं.

वाऱ्याने आपटू नये म्हणून दुकानाच्या दाराला एक गंजका मॅनिफोल्ड टेकवून ठेवला होता. ताईने तो उचलला, पुठ्ठ्यावर ठेवला, दातांनी ऐकला. गोड वाजला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, तो विकायचा नाही, दाराचा आहे.

"दाराला तो चंदेरी लावा. दार काही रॉकेल पीत नाही."

शनिवारी सकाळी ताईने तो बसवला. भंगारवाल्याचा ट्रक आला तेव्हा शेवटचा नट आवळून होत होता. थोरला नेहमीसारखा सुरू होण्यापुरता पेट्रोलवर सुरू झाला, तापला, आणि तिने तोटी रॉकेलकडे फिरवली. भसकन काळा धूर निघाला. धाकटा फाटकात हसत उभा राहिला.

ताईने स्क्रूड्रायव्हर दातांत धरून इंजिनाला टेकवला. एक, दोन, तीन, चार. चारही सिलिंडर हजेरी देत होते. तिने गिअर टाकला.

धाकट्याचं हसणं मावळलं. तो वाट अडवून, घड्याळावर बोट आपटत ओरडू लागला, की बारा वाजून गेले. वाजायला अजून चार मिनिटं होती. त्याचं घड्याळ त्याच सकाळी कसं कोण जाणे पुढे गेलं होतं.

"मला ऐकू येत नाही," ताई गाडी न थांबवता म्हणाली. "पण थोरला म्हणतोय, बाजूला हो."

आधी ट्रक मागे गेला, मग धाकटा बाजूला झाला. आपण फक्त बुटाची नाडी बांधायला सरकलो होतो, असं तो अजून सांगतो. पायांत चपला होत्या.