पारा साठावर आला तेव्हा

मित्रांनो, मी प्रसूतिगृहातला एक जुना रक्तदाबमापक. पत्र्याची पेटी, काचेच्या नळीत पारा, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा पसारा. नवा होतो तेव्हा मोठे डॉक्टरसुद्धा मला जपून हाताळत. पुढे आकडे दाखवणारं यंत्र आलं आणि माझी रवानगी कपाटावर झाली.

एका सकाळी शिवणकाम करणारी एक बाई पहिल्या बाळंतपणासाठी आली. सोबत तिची थोरली बहीण.

"कुठलं औषध सोसत नाही, असं काही?" नर्सबाईंनी विचारलं.

कळांनी हैराण झालेली ती म्हणाली, "नाही."

पाणमोट फुटून बराच वेळ झाला होता. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून तिला शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. पाच मिनिटांत ती तळहात खाजवू लागली.

"ताई, घसा आवळल्यासारखा होतोय गं."

"कळांमुळे होतं तसं. धीर धर."

नर्सबाईंनी मात्र तिच्या मानेवर उठलेल्या गांधी पाहिल्या आणि औषध तिथल्या तिथे बंद केलं. नवं यंत्र आकडाच दाखवेना. "बिघडलं की काय? ते जुनं काढा," त्या म्हणाल्या. माझा पट्टा बांधला. एरवी एकशेवीसच्या आसपास ऐकू येणारा पहिला ठोका पारा साठापर्यंत उतरला तेव्हा कुठे त्यांना ऐकू आला. नवं यंत्र धडधाकट होतं; रक्तदाबच त्याला मोजता येणार नाही इतका उतरला होता. बाईचाच जीव चालला होता.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. मांडीत अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं, तिला डाव्या कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, सलाइन जोरात सोडलं. पारा हळूहळू चढला, पण पोटातल्या बाळाचे ठोके मंदच राहिले. ताबडतोब ऑपरेशन करून मुलगी बाहेर काढली. आधी ती गप्पच होती. मग रडली.

संध्याकाळी, बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप आहेत असं कळल्यावर, बहीण नर्सबाईंपाशी आली. "लहानपणी हिचा कान फुटला होता. तेव्हाही औषधानं अशाच गांधी उठल्या होत्या. अंगातली उष्णता म्हणून आम्ही सोडून दिलं. सकाळी मी शेजारी उभी होते, पण आठवलंच नाही हो."

"आता आठवलंय ना? मग लिहून ठेवू." त्यांनी सकाळच्या औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. "कुठल्याही दवाखान्यात गेलात की आधी हा कागद दाखवायचा."

मित्रांनो, आज घरी मोठ्यांना विचारा, आपल्याला कधी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का? जे कळेल ते लिहून ठेवा. कळा सुरू असताना माणसाला स्वतःचं वयही धड आठवत नाही.