ठमीचा उपास

थोरल्या आणि धाकट्या जावेनं स्वयंपाकघर, न्हाणीघर, कपड्यांची दोरी, सगळं वाटून घेतलं होतं. ठमी कोंबडी तेवढी वाटता आली नाही. दोघींची बोलचाल बंद, त्यामुळे ऐकवायचं ते ठमीच्या नावानं ऐकवलं जायचं. "सांग तिला ठमे, अंगण तिच्या बापाचं नाही!"

एकदा ठमीची गळ्याखालची पिशवी फुगून टणक झाली. वाळकं लांब गवत गिळलं होतं बयेनं. कोंबडी दिवसभर टिपते ते आधी या पिशवीत साठतं आणि रातोरात खाली उतरतं. सकाळी ती रिकामी हवी. ठमीची गच्च भरलेली. थोरलीनं तिला मागच्या दाराशी टोपलीखाली कोंडलं, दाणा बंद केला, थेंबथेंब तेल पाजलं आणि पिशवी चोळत बसली. तिला मूलबाळ नव्हतं. सकाळी तिची वाट बघणारं घरात हेच एक तोंड होतं.

चोळून चोळून गोळा मऊ पडला. तरी रोज सकाळी पिशवी तुडुंब! गुरांच्या डॉक्टरला फोन केला, तर तो म्हणाला, "रस्सा करा." थोरलीनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग नवऱ्याचं नवं ब्लेड आणि सुईदोरा उकळला, ठमीला फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि चीर दिली.

आत गवताची काडीसुद्धा नव्हती. दुधात भिजवलेला ताजा पाव होता. पाव फक्त धाकटीकडे यायचा.

"अगं सटवे, तू हिला चारत होतीस?"

धाकटी दारात येऊन उभी राहिली. "मग काय मरू देऊ? माझ्यावरचा राग तुम्ही मुक्या जिवावर काढणार आणि मी बघत बसू?"

"औषध म्हणून ठेवली होती उपाशी! गवत कधीच उतरलं होतं. तुझ्या पावापायी मी धडधाकट कोंबडी चिरली!"

"चिरलीत ना? आता निस्तरा."

निस्तरायला दोन हात पुरत नव्हते. ठमीला धरावं तर चिरेच्या कडा जुळेनात, कडा धराव्या तर सुई कोण धरणार? ठमीची मान लोंबायला लागली.

"धर गं," थोरली म्हणाली.

"धरते. आधी कबूल करा, रागानं उपाशी ठेवली म्हणून." भिंतीवरून शेजारीण डोकावत होती, ते पाहूनच धाकटीनं आवाज चढवला.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटीपुढे तिनं आजवर एक शब्द खाली पडू दिला नव्हता. तिनं ठमीकडे पाहिलं.

"ठेवली. तुझ्यावरच्या रागानं ठेवली उपाशी. आता धर!"

धाकटीनं कडा धरल्या. टाके पडले.

ठमी वाचली. मात्र थोरलीनं मुक्या जिवाचे हाल केले आणि स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, हे गल्लीभर झालं. दूधवालासुद्धा तिच्याशी तुटक बोलू लागला. थोरलीनं कुणाला खुलासा केला नाही. बोला म्हणावं, जिभेला हाड नसतं. पण एक गोष्ट तिला सोसायची नाही. ती मूठभर दाणे घेऊन अंगणात आली, की तिचा हात दिसताच ठमी पंख फडफडवत धाकटीच्या दाराकडे पळायची.