मुळात नसलेली खोली

मोजणीदारांनी एकदा डोक्यात घेतलं की ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. बायको होती तोवर तिचं तेवढं ऐकायचे, तेही भांडून. ती गेली, आणि किनाऱ्यावरच्या त्या बैठ्या घरात ते एकटेच उरले. संध्याकाळी घर खायला उठायचं.

मग लेकीचा फोन आला. तिचा संसार मोडला होता.

"बाबा, मी येऊ का? राहायलाच."

"विचारतेस काय? ये!"

फोन ठेवून म्हातारा ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. लेक येणार, तर घर लख्ख नको?

भिंतींना ओल होती. मिस्त्री म्हणाला, "साहेब, दगडावर कुणीतरी सिमेंट फासलंय. खारी ओल आत कोंडते. हे काढून चुन्याचा गिलावा करू."

सिमेंट निघालं, जुना दगड दिसला आणि मोजणीदार हट्टालाच पेटले. घर मुळात जसं बांधलं होतं, अगदी तसंच करायचं! छपराचे पत्रे गेले, कौलं चढली. ॲल्युमिनियमच्या खिडक्या गेल्या, लाकडी झडपा आल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजलेला माणूस टेप घेऊन स्वतःच्या घरात रांगू लागला. हौसेला मोल नसतं म्हणतात. गुडघ्यांना मात्र असतं.

मागच्या बाजूला विटांची एक खोली जोडलेली होती.

"ही मागाहूनची," मिस्त्री म्हणाला. "हिच्यापायी समुद्राकडची कमानीची खिडकी बुजवलीय बघा. ठेवायची ही खोली?"

ती लेकीची खोली. तिच्या आईने नवऱ्याशी भांडून बांधून घेतलेली. मोजणीदारांना हे काय ठाऊक नव्हतं? पण पुढच्या खोलीत पोर आणखी ऐसपैस राहील, असा त्यांनी मनाशी हिशेब मांडला.

"मुळात नाही ना? मग पाडा."

कमान मोकळी झाली, आणि वारा थेट स्वयंपाकघरात शिरला. मोजणीदार खुळ्यासारखे हसले. लेक बघतच राहील, असं त्यांना वाटलं.

लेक आली. हात लावलावून तिने सगळं घर पाहिलं. "सुंदर झालंय, बाबा," ती मनापासून म्हणाली. मग बॅग हातात धरूनच कमानीपाशी थांबली. पलीकडे नुसती वाळू होती.

"माझी खोली?"

"अगं, मूळ घरात ती नव्हतीच."

"मूळ घरात मीही नव्हते, बाबा."

ती रागावली नाही, हेच वाईट झालं. रागावली असती तर मोजणीदारांना भांडता तरी आलं असतं. त्यांनी पुढच्या खोलीत तिचं अंथरूण घातलं, नव्या चादरीवर. चार दिवस ती पाहुण्यासारखी राहिली, स्वतःचा कपही विसळून ठेवत राहिली. मग मैत्रिणीकडे जाते म्हणाली आणि गेली.

मोजणीदारांनी मिस्त्रीचं घर गाठलं.

"खोली परत बांधायची. त्याच मापाची."

"कमान बुजेल, साहेब."

"बुजू दे!"

भिंती कमरेएवढ्या आल्यावर त्यांनी लेकीला फोन करून सांगितलं.

"बाबा, मी इथेच जागा घेतलीय भाड्याने. आता उगाच मोडतोड करू नका. छान झालंय घर."

मिस्त्री थापी हातात घेऊन उभा होता. चेहऱ्यावरूनच त्याला कळलं असावं.

"थांबवू का काम?"

"नको. बांधा."

कुणासाठी, ते मिस्त्रीने विचारलं नाही. बरंच झालं; मोजणीदारांना सांगता आलं नसतं.