उदरनाथाचं लाल तीर्थ

नेसरीत दर गुरुवारी उदरनाथबाबाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नसे. बाबा पोटातली करणी काढायचा. लाल तीर्थ पाजायचा आणि ओरडायचा, "उद्या सकाळी परसाकडला बघा! लाल पडलं की समजायचं, करणी सुटली!" दुसऱ्या दिवशी खरंच लाल पडायचं. मग काय, जयजयकार!

चन्नम्माला तीर्थाच्या आधीपासूनच लाल पडत होतं. बाबा म्हणाला, "जुनी करणी हाय. डॉक्टरकडं गेलीस तर आत दडून बसंल." ती आठ महिने तीर्थ पीत राहिली. तिची लेक पवित्रा कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या क्लासमध्ये विज्ञान शिकवायची. तिला कळलं तेव्हा आई, तिची अव्वा, निम्मी उरली होती.

"आतड्याचा कर्करोग," डॉक्टर म्हणाले. "ते रक्त होतं. आधी आणलं असतं तर..."

अव्वाला माती दिली त्या दिवशी पवित्रा रडली नाही. घरी येऊन तिनं तीर्थाची उरलेली बाटली उघडली. साखर-लवंगेच्या आड मातकट चव लागली, बिटाची. तळाशी पानांचा चुरा होता, सोनामुखीचा.

बुधवारी तिनं शेजारच्या सहा बायकांना, आधी सगळं सांगून, ताट भरून बिटाची कोशिंबीर खाऊ घातली. गुरुवारी त्यांना घेऊन ती थेट मांडवात उभी राहिली.

"संयोगिताकाकू, सकाळी काय झालं?"

"लाल पडलं की! आन् मी तीर्थाला हातबी लावला न्हाय!"

"माझंबी तसंच!" आणखी तिघी म्हणाल्या.

"बिटाचा रंग बऱ्याच जणांच्या पोटात पुरता मोडत नाही, तसाच बाहेर पडतो," पवित्रा गर्दीला म्हणाली. "सोनामुखीतली द्रव्यं मोठ्या आतड्याला डिवचतात, जुलाब होतात, पोट हलकं वाटतं. झाली करणी!"

"पोरी, कोप हुईल!" बाबा गरजला.

"होऊ दे." तिनं तांब्या पुढं केला. "तुझंच तीर्थ. माझी अव्वा आठ महिने प्याली. तू आजपासून पी."

बाबाचा हात पुढं येईना. "मला... पोटाचा त्रास हाय," तो पुटपुटला.

"मग काढ की सोताची करणी!" मागून गर्दीतला बाळासो ओरडला. कुणी हसलं नाही. बाळासोची बायकोही हेच तीर्थ पीत होती.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली पवित्रानं सकाळीच तक्रार दिली होती. पोलीस आले तसे बाबानं हात जोडले. "ताई, माफ करा."

"न्हाय," ती म्हणाली. "हात खाली घे."

बीट जरूर खा. ते खाऊन लाल दिसलं तर घाबरू नका, दोनेक दिवसांत थांबतं. न खाता दिसलं किंवा थांबलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चन्नम्माला एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं.