एकाच नावाचे दोन चेहरे

बाबांना सगळे ओळखू येत होते. जावई, शेजारीण, दूधवाला, फोटोतली आईसुद्धा. फक्त धाकटी मुलगी ओळखू येत नव्हती. आणि चेहरे ओळखायचा तो खेळ बनवला होता तिनेच! घ्या आता.

बाबांचं विसरणं वाढलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज घरच्यांचे फोटो दाखवा. धाकटीचं पोटच गेम बनवण्यावर, तिने टॅब्लेटवर हा करून दिला. फोटो येतो, खाली नावांची बटणं. बरोबर दाबलं तर घंटी, चुकलं तर भोंगा. बाबा राहायचे ताईकडे. ताई टॅब्लेट हातात देऊन आपल्या कामाला लागायची आणि निकाल धाकटीच्या फोनवर यायचा. 'ठिणगी : चूक.' ठिणगी हे तिचं नाव बाबांनीच ठेवलेलं, तोंडाने फटकळ म्हणून.

त्यातच ताईच्या नवऱ्याची बदली झाली. बाबांनी आता ठिणगीकडे जायचं, की वृद्धांना सांभाळणाऱ्या संस्थेत? डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "जिला ते ओळखतच नाहीत तिच्या घरात भेदरून जातील. मग संस्थाच बरी."

ठिणगीचं चित्त थाऱ्यावर राहिना. बसली की उठायची, उठली की फोन बघायची. भेटायला जायचं म्हटलं की आपण नेहमी काम पुढे केलं, त्याचीच ही फळं, असं तिला मनापासून वाटायचं.

आणि अचानक निकाल फिरला. 'ठिणगी : बरोबर.' दुसऱ्या दिवशीही बरोबर! बाई ऑफिसात अक्षरशः नाचली. घरी जाऊन बाबांसाठी खिडकीपाशी पलंग सरकवला. ताईने संस्थेला नकार कळवायचं ठरवलं.

तेवढ्यात ऑफिसातली, गेमची चित्रं काढणारी चित्रकार तणतणत आली. "अगं, माझ्या राजाच्या धडावर चोराचं तोंड दिसतंय! काय करून ठेवलंस?"

"फाइलची नावं काय दिलीस?"

"दोघांचीही 'चेहरा'. फोल्डर वेगवेगळे आहेत की!"

चित्रं हाताळणारी कोडची लायब्ररी, म्हणजे प्रत्येक गेमला जोडायचा तयार कोड, ठिणगीनेच लिहिलेली. चित्र दरवेळी डिस्कवरून आणायला वेळ लागतो, म्हणून एकदा आणलेलं चित्र कॅशमध्ये, म्हणजे हाताशी असलेल्या तात्पुरत्या साठ्यात ठेवायचं, पुन्हा मागितलं की तेच द्यायचं. साखरेची बरणी ओट्यावर काढून ठेवावी तसं. पण या शहाणीने बरणीवरचं नाव तेवढं लक्षात ठेवलं, बरणी कुठल्या फडताळातली ते नाही. आधी चोराचा 'चेहरा' आला. मग राजाचा मागितला तर कॅश म्हणाली, आहे की माझ्याकडे, हा घे.

बाबांच्या खेळात तीच लायब्ररी होती. दोघी बहिणींच्या फोल्डरांत फोटोचं नाव एकच, 'चेहरा'. आणि यायची आधी ताई.

ठिणगीने फोनवरचे जुने निकाल उघडले. म्हणजे तिच्या पाळीलाही बाबांना ताईच दिसत होती! ते बिचारे 'ताई' दाबत होते, बरोबर दाबत होते, आणि हिचा खेळ त्यांच्यावर भोंगा वाजवत होता. आता ते ताईच्या फोटोला 'ठिणगी' म्हणायला लागले होते. ज्या निकालावर ती नाचली तोच घात होता. चांगल्या माणसाला तिने स्वतःच्या हाताने चुकायला शिकवलं होतं.

गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण फटकळ माणसाला गप्प बसणं जमतंय कुठे? फाइलच्या नावासोबत फोल्डरही लक्षात ठेव, एवढी दुरुस्ती करून ती तडक ताईकडे गेली.

सगळं ऐकून ताई खोक्यांच्या पसाऱ्यात मटकन बसली. "झालंय ना बरोबर? मग कशाला उकरून काढतेस? खरंच नाही ओळखलं तर?"

"तर संस्था," ठिणगी म्हणाली. "माझ्या घरात भेदरलेले बाबा नकोत मला."

बाबा पाठमोरे बसले होते. टॅब्लेट त्यांच्या हाती देऊन ताई शेजारी बसली. ठिणगी दाराआड उभी राहिली, पदर नाही म्हणून ओढणीचं टोक चावत.

ताईचा फोटो आला. घंटी. जावई. घंटी. मग ठिणगीचा खरा फोटो आला, आणि बाबांचं बोट वरच्या वर थांबलं. किती वेळ थांबलं! ठिणगीला वाटलं, संपलं सगळं.

"ताई," बाबा हळूच म्हणाले, "रोज दुसऱ्यांदाही तूच येतेस. आज ठिणगी आलीय."

ताईने त्यांच्या हातातला टॅब्लेट सावरून धरला. "मग... दाबा ना, बाबा."

"ठिणगीच दाबू ना? रोज तुला ठिणगी म्हणावं लागतं, नाहीतर ओरडतं हे."

ठिणगी धावत पुढे आली आणि त्यांच्या गुडघ्यांशी बसली. "नाही ओरडणार, बाबा. चूक माझी होती. मीच बनवलंय ते."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, टॅब्लेटकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे.

"तू बनवलंस होय? तरीच इतकं तोंड आहे त्याला," ते म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.