एका पेटीत सहा बिऱ्हाडं

मी एक जुना सर्व्हर आहे. पण एकटा कधीच नव्हतो मित्रांनो, हेच तर माझं दुखणं. माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलेलं होतं. ती चिठ्ठी ब्रह्मपुरीच्या उंदरांनी पहिल्याच पावसाळ्यात खाल्ली. तेव्हा मी ब्रह्मपुरीचाच, असं धरून चाला.

२००९ साली मी नूर मोहम्मद यांच्या औषधांच्या होलसेल दुकानात आलो. त्याआधी घरात चांगलीच खडाजंगी झाली होती. बिलं, साठा आणि हिशेब अशा तीन कामांचे तीन जुने कंप्युटर खोकत-खोकत चालले होते. थोरला वाजिद म्हणे, तीन नवे घ्या. एक बसला तर दोन चालतील. धाकटी रुखसार म्हणे, एकच दणकट घ्या आणि त्याच्या पोटात तीन व्हर्च्युअल मशीन बसवा. म्हणजे पेटी एक, आत बिऱ्हाडं तीन, आणि प्रत्येकाला वाटावं की सगळं घर आपलंच! नूर मोहम्मद यांना ही भुताटकीच वाटली. पण तिकडे ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या रात्रंदिवस धूर सोडत होत्या आणि इकडे आमच्या नशिबी रोजचं भारनियमन. तीन पेट्या इन्व्हर्टर घटकाभरात पिऊन टाकायच्या. एकच असली तर सगळी दुपार निभणार होती. तिथे रुखसार जिंकली. मात्र अब्बांनी बजावलं, "एक दिवस जरी माल अडला, तर काउंटर वाजिदले."

तीन बिऱ्हाडं मी फुलासारखी सांभाळली. येणारा-जाणारा मला वाकून बघायचा. इथवर सगळं सुखाचं होतं. पण आमच्या भागात काळी-पिवळी जीप कधी भरतच नाही, मित्रांनो. "सरका जरासे" म्हटलं की आणखी एक बसतो, आणि ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर लटकून गाडी हाकतो. तोच कायदा मला लागू झाला. शेजारचे सोयाबीनचे व्यापारी हरिदासभाऊ म्हणाले, "तीन राह्यतेत, तर माह्या सौद्यानं का पोट फुटते तिचं?" मित्राला नाही कसं म्हणायचं? चौथं बिऱ्हाड आलं. मग धानाच्या गिरणीवाल्या वामनरावांचं पाचवं. मग सोमाजी गुरुजींच्या शाळेचे निकाल! रुखसार घसा कोरडा करून सांगायची की आत जागा दिसते तेवढी नसते. ऐकतो कोण? मी असा तापू लागलो की झाडझूड करणाऱ्या इंदुताई माझ्या डोक्यावर मोहफुलं वाळवू लागल्या. एका कोंबडीनं माझ्यामागे अंडी घातली आणि ती बसायच्या आधीच मी ती उबवून मोकळा झालो. खोटं वाटतं? कोंबडी आता हयात नाही, नाहीतर विचारून घेतलं असतं.

भाद्रपदात मुलचेऱ्याकडे हिवतापाची साथ आली. तिथल्या दवाखान्यानं गोळ्या आणि सलाइन मागवलं. माल न्यायला ड्रायव्हर लटारूभाऊंची जीप दारात उभी होती. आभाळ भरलेलं, वाटेतला नाला चढला की रस्ता बंद. रुखसार बिल काढायला बसली, आणि मी जागच्या जागी गोठलो. शेजारी हरिदासभाऊंचा मुनीम नेमका तेव्हाच सालभराचा हिशेब माझ्यातून उपसत होता. हातानं बिल लिहावं, तर कोणत्या खोक्याची मुदत संपली आणि कोणता माल परत जायचा, ते सगळं माझ्याच पोटात. लटारूभाऊ हॉर्न वाजवत होते. वाजिद येऊन रुखसारच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"पाहुणे बंद करतो, अब्बा," रुखसार म्हणाली. "तिन्ही."

ओट्यावर हरिदासभाऊ पान चघळत बसले होते. नूर मोहम्मद खालच्या आवाजात म्हणाले, "घरी आलेल्याले कोणी उठवते काय पोरी?"

"भाऊ रागावतीन तर उद्या समजावू. तापवाला उद्यापर्यंत नाई थांबत."

हरिदासभाऊ ओट्यावरूनच म्हणाले, "अन् माहा हिशेब जाईन तो?"

"नाई जात भाऊ. मुनीमजीले जपून ठेवाले सांगा, मी थांबून राह्यली."

ती खरंच थांबली. मग एकेक बिऱ्हाड तिनं नीट निजवलं आणि माझा श्वास मोकळा झाला. बिलं सळसळत बाहेर पडली. नाला चढायच्या आत जीप पलीकडे गेली.

हरिदासभाऊ दिवाळीपर्यंत बोलले नाहीत; मग मुकाट्यानं स्वतःची पेटी घेऊन आले. रुखसारनं आमच्यासाठीही दुसरी पेटी मागवली. एक बसली तर कामं दुसरीनं उचलावीत, वाजिदचं अर्धं बरोबर होतं, असं ती म्हणाली. त्यानं ते गावभर पूर्ण करून सांगितलं.

पण मला आठवते ती जीप गेल्यानंतरची घडी. बिलं रुखसारची, फोन रुखसारचे, आणि चहाही तिचाच, हे त्या दुकानात सगळे धरूनच चालायचे. वाजिदनं सवयीनं चहा फर्मावला. ती खुर्चीतून हलली नाही.

"आज तू ठेव," ती म्हणाली.

वाजिद बापाकडे बघत राहिला. नूर मोहम्मद यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "साखर कमी टाकजो."

मित्रांनो, कोणी गुमान ओझं वाहतं म्हणून त्याला ते जड होत नाही, असं समजू नका. आणखी एक ठेवण्याआधी जरा हात लावून बघत जा, किती तापलंय ते.