पोस्टमनकाकांच्या टाचेची फाइल

आत्याच्या कारखान्यातल्या जुन्या संगणकाने काल मान टाकली. कारखाना म्हणजे दोनच खोल्या. पुढे शिवणयंत्र आणि कातड्याचे गठ्ठे, मागे बुटाचे तळवे कापणारं मशीन. ज्यांचे पाय दुकानातल्या बुटांशी जमवून घेत नाहीत, त्यांच्यासाठी आत्या बूट करते.

आज पोस्टमनकाका खुर्चीत एक पाय अधांतरी धरून बसले होते. त्यांचा डावा पाय आखूड, त्या बुटाचा तळवा दुभंगलेला आणि उद्या कामावर हजर व्हायचं.

"पुन्हा माप घे की," दादा म्हणाला.

"पाय मापता येतो रे शहाण्या! टाच किती उचलायची ते वर्षानुवर्षं कमी-जास्त करून बसवलंय. ते संगणकातल्या फाइलमध्येच आहे," आत्या म्हणाली.

फाइल आम्ही जुन्या डिस्कवरून सुखरूप उतरवली होती. पण नव्या संगणकावरचा डेटाबेस तिला दारात उभं करेना. एकच पालुपद: फाइल फार जुन्या आवृत्तीची आहे.

दादाने फाइलचं नाव बदलून पाहिलं.

"पाटी बदलली म्हणून आतला माणूस बदलतो होय?" मी म्हटलं.

"तू अभ्यास कर." त्याच्या माउसचा बाण 'दुरुस्ती'च्या बटणावर पोचलासुद्धा.

"ए, हात काढ!" आत्या ओरडली. "आधी नक्कल!"

आत्याचा हा नियमच आहे. पायाचा लाकडी साचा, म्हणजे कलबूत, ती कधी तासत नाही. पायात फरक पडला तर तसाच दुसरा बनवते आणि सुरी त्याच्यावर चालवते. दादाने कुरकुरत नक्कल केली आणि तिच्यावर बटण दाबलं. उघडली की! सगळे रकाने जागच्या जागी, आत एक अक्षर नाही. काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

"मूळ फाइल शाबूत आहे ना? मग सरक!" मी दादाला अक्षरशः ढकललं. एवढा वेळ मी डेटाबेसची मदतपानं वाचत होते. "अरे, सामान तेच आहे. पण दर आवृत्तीत कपाटाचे खण वेगळे पाडलेत. नवी आवृत्ती भलत्याच खणात हात घालते आणि म्हणते, काही नाही. जुन्या आवृत्तीलाच सामान बाहेर काढायला लावू. मग नवी आपल्या खणांत लावेल."

बनवणाऱ्यांच्या साइटवर जुनी आवृत्ती अजून होती. ती वेगळी बसवली, आणखी एक नक्कल काढली (आत्या मागेच उभी होती!) आणि तिच्यातलं सगळं साध्या मजकुरात उतरवलं. मग तो मजकूर नव्या आवृत्तीला भरवला.

"डावी टाच," मी मोठ्याने वाचलं, "बाहेरच्या कडेला किंचित जास्त..."

"माझीच ती!" काका ओरडले.

"मी हेच सुचवणार होतो," दादा म्हणाला.

"हो, पुढच्या जन्मी."

मशीन घरघरलं.

"आणि उद्या आणखी नवी आवृत्ती आली म्हणजे?" आत्याने विचारलं.

"मजकूर आहे ना. तो कोणीही वाचेल. तूसुद्धा!"

"आगाऊ," आत्या म्हणाली, पण तो मजकूर पेनड्राइव्हवर घेऊन तिने काकांच्या कलबुताशेजारी फळीवर ठेवला.

संध्याकाळी काका नव्या तळव्याचा बूट घालून मागच्या खोलीपर्यंत जाऊन आले. मग पुन्हा गेले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा त्यांनी पायाकडे बघितलंच नाही; ते दादाला विचारत होते, "काय रे, तुझ्या नावाचं एखादं पत्रबित्र यायचंय का उद्या?"